पंपात २० मिली आलं म्हणजे दूध कमी आहे का?

"मॅडम, माझं दूध बाळाला पुरतच नाहीये."

स्तनपान समुपदेशनाच्या कामात मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळणारं वाक्य हेच. आणि बहुतेक वेळा दूध कमी नसतंच, दुसरंच काहीतरी बिनसलेलं असतं. म्हणून ही एक केस सविस्तर सांगते, ओळख पटेल असं सगळं काढून.

बाळ ११ दिवसांचं. नॉर्मल डिलिव्हरी, पहिलंच बाळ. आई खोलीत आली तीच डोळे सुजलेले घेऊन, बाळ तिच्या सासूबाईंच्या हातात, नवऱ्याच्या खांद्यावर बॅग आणि बॅगेत बाटली. मी काही विचारायच्या आधीच तिने सगळं घडाघडा सांगितलं. चौथ्या रात्री बाळ तासातासाला उठत होतं, पाजलं की दहा मिनिटं झोपायचं की परत रडायला सुरुवात, शेवटी पहाटे तीनला तिने पंप लावून बघितला तर दोन्ही बाजूंचं मिळून २० मिली आलं. मग बाटलीतून ६० मिली पावडरचं दूध दिलं, बाळाने गटागटा प्यायलं आणि सलग तीन तास झोपलं. झालं, घरात सगळ्यांची खात्री पटली की दूध कमी आहे. तेव्हापासून दिवसातून तीन बाटल्या, दोन रात्रीच्या आणि एक संध्याकाळची.

"तो इतका भुकेला होता हो, आणि मला कळलंच नाही," असं म्हणून ती रडायला लागली.

मी तिला आधी एकच विचारलं, पंप लावला तो पाजायच्या आधी की नंतर? नंतर, म्हणाली. म्हणजे बघा, बाळ नुकतंच पिऊन झालेलं, पहाटेची वेळ, आई घाबरलेली, पंप आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलेला आणि तरी २० मिली निघालं. तेही चौथ्या दिवशी, जेव्हा बाळाला एका वेळेला साधारण ३० ते ६० मिलीच लागतं. पहिल्या दिवशी तर चमचाभर चीकसुद्धा पुरतो कारण पोटच तेवढुसं असतं. पाजून झाल्यावर २० मिली निघणं ही खरं तर चांगली खूण होती! पंपात किती आलं यावरून स्तनात किती आहे हे ठरत नाही, बाळ नीट धरत असेल तर ते पंपापेक्षा जास्त दूध काढतं, आणि ताणात असलेल्या बाईचा पान्हा पंपाला बघून फुटत नाही, कितीही महागाचा पंप असू दे.

मग बाटलीनंतर झोपलं ते कसं काय, हा सासूबाईंचा प्रश्न. अगदी बरोबर प्रश्न आहे, सगळ्यांना पडतो. बाटली तोंडात गेली की दूध आपोआप येत राहतं आणि नवजात बाळाला तोंडात काही आलं की चोखायचं एवढंच कळतं, थांबायचं कळत नाही. म्हणजे भूक असो नसो ते पिणार. पोट तट्ट भरतं, पावडरचं दूध पचायलाही वेळ लागतो, म्हणून झोप लांबते. त्यावरून आधी ते उपाशी होतं असं सिद्ध होत नाही.

आणि रडणं... रडणं हे दुधाचं मोजमाप नाही हो. बाळ भुकेने रडतं तसं झोप आली म्हणून, जवळ घ्या म्हणून, पोटात वारा धरला म्हणूनही रडतं. संध्याकाळी-रात्री तासातासाला पिणं तर पहिल्या काही आठवड्यांत फार कॉमन, २४ तासांत ८ ते १२ वेळा पिणं नॉर्मल आहे आणि ते घड्याळ लावून दर दोन तासांनी होत नाही, चार वेळा लागोपाठ आणि मग एक मोठी झोप असंही होतं. रात्री पाजणं तर मुद्दाम महत्त्वाचं कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हार्मोन रात्री जास्त असतं. इथे नेमक्या रात्रीच्याच दोन बाटल्या सुरू झालेल्या. जेवढं दूध निघतं तेवढं नवीन बनतं, भरून राहिलं की शरीराला निरोप जातो की आता कमी बनवा. सात दिवस असं चाललं म्हटल्यावर तिचं दूध आता खरंच थोडं कमी झालं असणार, पण बाटल्या हे त्याचं कारण होतं, उपाय नव्हता.

मोजायचं कशावरून मग? शी-शू आणि वजन. पहिल्या दिवशी एक ओला डायपर, दुसऱ्या दिवशी दोन असं वाढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा चांगले जड डायपर. शी आधी काळी चिकट, मग हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. वजन सुरुवातीला सात टक्क्यांपर्यंत उतरतं, दहापर्यंत गेलं तर डॉक्टरांनी बारीक लक्ष ठेवायला हवं, आणि १० ते १४ दिवसांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं, पुढे रोज साधारण २० ते ३५ ग्रॅम वाढ. या बाळाचं जन्माचं वजन ३ किलो, तिसऱ्या दिवशी २.७८० आणि आज २.९००. वाढतंय, पण हळू, बाटल्या देऊनसुद्धा हळू. म्हणजे "काळजी करू नका, सगळं छान आहे" असं म्हणून घरी पाठवायची ही केस नव्हती.

म्हटलं, आता माझ्यासमोर पाज.

तिने बाळाला मांडीवर उताणं घेतलं, मान स्तनाकडे वळवली आणि स्वतः पुढे वाकली. बाळाने तोंड अर्धवट उघडून फक्त स्तनाग्र धरलं, तिने दुखतंय म्हणून दातावर दात दाबले, पायाची बोटं आवळली. मी गाल बघत होते, प्रत्येक चोखण्याला गालाला खळी पडत होती आणि टक टक आवाज. गिळण्याचा आवाज नाहीच. पाच मिनिटांनी बाळ झोपलं, सोडलं, तेव्हा स्तनाग्र एका बाजूने तिरकं चपटं झालेलं, नवीन लिपस्टिकचं टोक असतं ना तसं, आणि टोकाला पांढरी रेघ. कारण समोरच होतं. बाळ दूध ओढतच नव्हतं, नुसतं स्तनाग्र चावत होतं.

मग तिला मागे टेकून बसवलं, पाठीला उशी, खांदे खाली. बाळाला आडवं, पोटाला पोट लावून, कान-खांदा-कंबर एका रेषेत, मान वळवायची नाही. डोक्याला मागून दाबायचं नाही, मानेला आणि खांद्यांना आधार द्यायचा. स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर, तोंडासमोर नाही, म्हणजे ते मान मागे टाकून आ मोठा करतं, आणि तो मोठा आ आला की त्या क्षणी बाळाला स्तनाकडे आणायचं, स्तन बाळाकडे नाही न्यायचा. दोनदा फसलं, बोट घालून सोडवलं, परत. तिसऱ्यांदा हनुवटी स्तनात रुतली, खालचा ओठ बाहेर उलटला, वरच्या बाजूला काळा भाग जास्त दिसत होता आणि खाली कमी. हळूहळू जबडा कानापर्यंत हलायला लागला आणि मग तो आवाज आला, हलकासा "क्-ह, क्-ह". खोलीत सगळे एकदम गप्प.

"दुखत नाहीये," ती म्हणाली. मग सासूबाईंकडे बघून, "आई, ऐकलंत? गिळतोय."

काकूंच्या डोळ्यात पाणी. त्यांना घरी सगळे जरा दोष देत होते की त्यांनीच बाटलीचा आग्रह धरला, पण नातवाला उपाशी ठेवायचं नाही एवढंच त्यांच्या मनात होतं. मी त्यांनाच काम दिलं. काकू, एक कागद भिंतीला लावा आणि प्रत्येक ओल्या डायपरला एक रेघ, शीला एक गोल. आता "पुरतंय का" हे तुम्ही सांगायचं, कागद बघून.

वरचं दूध त्या दिवशी एकदम बंद केलं नाही, तसं कुणीच आपल्या मनाने करू नये. बाळाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं की आधी दोन्ही बाजूंनी पाजायचं, मग पंप करायचा, पंपात येईल ते वाटी-चमच्याने, आणि मग गरज वाटली तर ३० मिली पावडरचं. रात्रीच्या बाटल्या पहिल्यांदा काढायच्या. बाळ उघडं करून आईच्या उघड्या छातीवर दिवसातून जमेल तेवढं ठेवायचं, त्याने पान्हा फुटायला खूप मदत होते. नवऱ्याकडे ढेकर काढणं, डायपर बदलणं आणि आलेल्या फोनना उत्तर देणं.

१४व्या दिवशी वजन २.९९०. १८व्या दिवशी ३.११०, तोवर एकच वरचा फीड राहिला होता. २२व्या दिवशी तोही बंद. मधे एक रात्र वाईट गेली, एक वाजता मेसेज आला "परत सुरू झालं, सारखं मागतोय". मी फक्त विचारलं, कागदावर आज किती रेघा? सात, तीन गोल. मग पाज आणि झोप, एवढंच लिहिलं.

हे वाचून कुणाला वाटू नये की दूध कमी कधी नसतंच. थायरॉइडचा त्रास, स्तनावर आधी झालेलं ऑपरेशन, गर्भाशयात वारेचा तुकडा राहणं, डिलिव्हरीत खूप रक्तस्राव, अशा कारणांनी खरंच कमी असू शकतं आणि तेव्हा वरचं दूध हे बाळाचं औषधच समजा, त्यात आईने अपराधी वाटून घ्यायचं काहीही कारण नाही. बाळ पाजायलासुद्धा उठत नसेल, डायपर कोरडे असतील, पाचव्या दिवसानंतरही शी काळी असेल किंवा लघवीचे विटकरी डाग पडत असतील, पिवळेपणा पायापर्यंत उतरला असेल, ताप १००.४ किंवा वर असेल तर समुपदेशकाची वाट बघू नका, तडक डॉक्टर गाठा. आणि दूध कमी वाटलं म्हणून पाणी किंवा मध मात्र देऊ नका. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, सहा महिने वेगळं पाणी लागत नाही, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नको.

२८व्या दिवशी ती परत आली. ३.३९०. यावेळी बॅगेत बाटली नव्हती, पण चेहऱ्यावर नवीन काळजी. "मॅडम, आता स्तन मऊ पडलेत, आधीसारखे दगड होत नाहीत. दूध आटलं का?"

नाही गं. सुरुवातीची ती सूज होती, आता शरीराला बाळाचा अंदाज आलाय, लागेल तेवढं लागेल तेव्हा बनतंय. आज रेघा किती झाल्या ते सांग.

काकू मागून म्हणाल्या, "सकाळपासून चार."