तरुण संघाच्या शिबिराची जबाबदारी प्रथमच घेताना

चर्चच्या पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) आपल्याला सहायक नेमले आहे, तेव्हा गाणी आणि खेळ यांच्याआधी पालकांची लेखी संमती हाती घ्यावी आणि तीत मुलाचे नियमित औषध, ॲलर्जी व रात्री फोन लागेल असा क्रमांक अवश्य लिहून घ्यावा. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, म्हणून सुट्टी मोठी असली तरी तंबूतले शिबिर नाताळानंतरच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नळदुर्गला जाणार असाल, तर बोरी नदीच्या पाण्यात कोणी उतरणार नाही, हे बसमध्येच बजावावे. तिथे पोहोचल्यावर कोणी ऐकत नाही. मुलींच्या तंबूशेजारी चर्चच्या मंडळीतील एखादी ज्येष्ठ बाई मुक्कामास असावीच. यात तडजोड नको. सकाळी बूट उलटे करून झटकल्याशिवाय पायात घालू देऊ नयेत, कारण विंचू आडोशाला आत शिरतो. जेवणाची फार चिंता नको: कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन-तीन दिवस सहज टिकतात. संध्याकाळची उपासना मात्र आटोपशीर ठेवावी. दमलेली मुले लांबलेल्या प्रवचनात डुलक्या घेतात.