डिस्चार्जनंतरची भीती उगाच नसते

"हॉस्पिटलात होतो तोवर धीर होता. घरी आणलं आणि झोपच उडाली. मी जरा जास्तच काळजी करते का?" लहान मुलांच्या आया हे वरचेवर विचारतात. भांडुपच्या एका ताईंनीही हेच विचारलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांचा दीड वर्षाचा, दहा किलो वजनाचा मुलगा न्यूमोनियासाठी ॲडमिट होता. डिस्चार्जच्या दुपारी ताई बाळाला कपडे घालत होत्या आणि नवरा खाली मेडिक्लेमच्या मंजुरीसाठी ताटकळला होता. सिस्टरनी औषधं समजावली ती आजींना. फाईल पडली वडिलांच्या हातात. आणि रात्री औषध पाजायचं होतं ताईंना! तापासाठी पॅरासिटामॉल 5 मिली, एवढंच त्या इंग्रजी कागदावर होतं. हे सिरप 5 मिलीत 125 मिलिग्रॅमचं मिळतं, तसंच 250 चंही मिळतं. डॉक्टरांना 125 चं अपेक्षित होतं, केमिस्टने 250 चं दिलं. दोन दिवस दर खेपेला दुप्पट औषध पोटात गेलं. फॉलो-अपला डॉक्टरांनी बाटली पाहिली, तेव्हा उलगडा झाला. लगेच रक्त तपासलं, यकृत ठीक होतं.

बाळ सावरलं, ताई मात्र खचल्या. नवरा एकदा बोलून गेला होता, "तुझं लक्ष कुठे असतं?" त्या रात्रभर बाळाच्या छातीवर हात ठेवून बसायच्या.

मी त्यांना धीर देत बसले नाही. त्या दुपारी कोणी कोणाला काय सांगितलं, ते त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घेतलं. बाटलीवरचा आकडा बघा, असं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी नवऱ्यालाही बोलावलं. तो कागद त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, "मलाही कुठे माहीत होतं?" ताई तेव्हा पहिल्यांदा मोकळ्या रडल्या.

मग भीतीला काम दिलं. झोपताना एकदाच, बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला 40 किंवा जास्त भरले, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल काहीच पीत नसेल किंवा उठवूनही सुस्त पडत असेल, तर थेट हॉस्पिटल गाठायचं; गरज पडली तर 108. यातलं काही नसेल तर ताईंनीही झोपायचं. हळूहळू त्या झोपू लागल्या.

म्हणून माझं उत्तर असं: तुम्ही जास्त काळजी करत नाही, तुम्हाला पुरेसं सांगितलेलं नसतं. आणि सांगण्याची जबाबदारी हॉस्पिटलची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 चा रुग्णसुरक्षा दिन नवजात बाळं आणि मुलांच्या सुरक्षित उपचारांसाठीच ठेवला होता. तरीही आपल्याकडे डिस्चार्ज म्हणजे बिल आणि फाईल, एवढ्यावरच उरकतं, याचं मला फार वाईट वाटतं.

निघण्याआधी सगळी औषधं वॉर्डात आणवून घ्या. जी व्यक्ती पाजणार तिनेच ऐकावं आणि आपल्या शब्दांत सिस्टरना परत सांगून दाखवावं: कोणती बाटली, किती मिली, किती वाजता. माप घरच्या चमच्याने नको, औषधाच्या सिरिंजने घ्या. पावडरच्या अँटिबायोटिकमध्ये पाणी कुठल्या खुणेपर्यंत घालायचं, तेही तिथेच विचारा. सिस्टर घाईत असतील तर थांबा. वॉर्डचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या, आणि शंका आली तर रात्री दोनलाही खुशाल फोन करा.