मत दादाला होतं, मला नव्हतं

तुम्ही विचारलंय की पुढच्या वर्षी इंग्लंडला शिकायला जाताय, तर ब्रेक्झिटने, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून (ईयू) बाहेर पडल्याने, साध्या माणसाच्या रोजच्या जगण्यात खरंच काही फरक पडलाय का, आणि इतकी वर्षं झाली तरी लोक त्यावरून अजून का भांडतात.

फरक पडलाय, आणि भरपूर पडलाय. भांडतात का, ते मी माझ्या घरातलंच सांगतो, कारण आमच्या घरात ते भांडण २०१६ पासून मिटलेलं नाही.

मी गोव्यातल्या पेडण्याचा. २०११ पासून इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर आलो. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाला, त्याच्या मुलांना आणि नातवंडांना लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. माझे बाबा १९५३ चे. त्यांचा जन्म, मग त्यांचं लग्न, मग माझा जन्म असं एकेक नोंदवत गेलो, भारतीय पासपोर्ट परत केला आणि युरोपचा नागरिक म्हणून इथे उतरलो. ना व्हिसा, ना इंग्रजीची परीक्षा. स्विंडनमध्ये असे आम्ही हजारोंनी आहोत.

माझा मावसभाऊ महाराष्ट्रातल्या बांद्याचा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. बांद्यातून निघालं की थोड्याच वेळात पत्रादेवीचा नाका, आणि नाका ओलांडला की पेडणे तालुका. आजोबांनी एक मुलगी नाक्याच्या अलीकडे दिली, एक पलीकडे. तेवढ्यावरून दोघींच्या मुलांचे पासपोर्ट वेगळे झाले. दादा इंजिनियर, २००५ मध्ये वर्क परमिटवर आला, लंडनजवळच्या स्लाऊला राहतो. दर मुदतवाढीला त्याने फी भरली, इंग्रज राजेराण्यांची पाठांतरं करून 'लाइफ इन द यूके'ची परीक्षा दिली, तेव्हा कुठे कायमचं राहण्याचा शिक्का मिळाला. पासपोर्ट मात्र भारताचाच ठेवला. मी पोर्तुगीज झालो तेव्हा 'देश विकलास' असं तो मला तोंडावर म्हणाला होता.

आता गंमत नव्हे, कायदा ऐका. युरोपियन युनियनमध्ये राहायचं की नाही यावर २३ जून २०१६ ला सार्वमत झालं, त्यात मत कोणाला होतं? ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना, आणि इथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना. भारत राष्ट्रकुलात आहे, पोर्तुगाल नाही. म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्या दादाला मत होतं आणि ज्याच्या राहण्याचाच निकाल लागणार होता त्या मला नव्हतं. स्विंडनच्या नगरपालिकेच्या निवडणुकीत मी मत देत होतो, कर भरत होतो, पण त्या दिवशी मला कोणी विचारलं नाही. लीव्हला, म्हणजे बाहेर पडण्याला, ५१.९ टक्के मिळाले, रिमेनला, म्हणजे राहण्याला, ४८.१. स्विंडनही लीव्ह, स्लाऊही लीव्ह.

मी रात्रपाळीला होतो. पहाटे गोडाऊनच्या कँटीनमधल्या टीव्हीवर निकाल आला. फोर्कलिफ्ट चालवणारा एक पोलिश माणूस माझ्या शेजारी बसला होता. त्याने डबा उघडला, परत बंद केला आणि उठून गेला. इंग्रज सहकारी, ज्यांच्याबरोबर पाच वर्षं चहा प्यायलो, ते आमच्याकडे बघेनात. कोणी वाईट बोललं नाही. पण यातल्या कोणी कोणी आपल्याला नको म्हटलंय, हे त्यानंतर प्रत्येक चेहऱ्याकडे बघताना डोक्यात यायचं, आणि अजून येतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच.

उरलेलं अर्धं दादाकडे मिळालं. त्या वर्षी चतुर्थी ५ सप्टेंबरला, सोमवारी होती. दादाकडे दीड दिवसाचा गणपती असतो. एम-फोर महामार्गाने तासाभराचा रस्ता, मी रजा टाकून बायकोमुलीला आणि बाबांना घेऊन गेलो. आई गेल्यावर, २०१४ मध्ये, बाबांना मी इथे आणलं होतं. वहिनी मोदकांची उकड काढत होती, मी नारळ खवत होतो. बोलता बोलता म्हटलं, "दादा, आमच्याकडचे सगळे पोलिश घाबरलेत, सामान बांधायच्या गोष्टी करतायत." दादा आरतीचं ताम्हण पुसत होता. वर न बघता म्हणाला, "मी लीव्हला दिलंय."

मला वाटलं चेष्टा करतोय. विचारलं, का?

"का म्हणजे? अकरा वर्षं मी फिया भरतोय. माझी आई बांद्याला ओसरीवर एकटी बसून गेली, तिला आणायला मला परवानगी नाही मिळाली. आणि काका इथे तुझ्या परसात लाल माठ पेरतायत. हे कुठल्या न्यायात बसतं ते सांग मला."

बाबा तिथेच बसले होते. मावशी २०१५ च्या पावसात गेली, दादा तिसऱ्या दिवशी पोचला. मला हे सगळं माहीत होतं, तरी मी नको ते बोललो. म्हटलं, मावशीला तू आणू शकला नाहीस त्याचा राग माझ्या बाबांवर काढू नको. वहिनीने गॅस बंद केला. बाबांनी नैवेद्यानंतर दोन घास खाल्ले, हात धुतले आणि गाडीत जाऊन बसले. आरतीला आम्ही दोघं शेजारी उभे होतो, पण एकमेकांच्या टाळीला टाळी लागत नव्हती.

त्या दिवशी जे सुचलं नाही ते इथे लिहितो. दादा, मावशीला ज्या नियमाने अडवलं तो ब्रसेल्सने, म्हणजे युरोपियन युनियनने, केलेला नव्हता. तो जुलै २०१२ मध्ये लंडनच्या गृहखात्याने केला. आईवडिलांना रोजच्या कामांनाही माणूस लागत असला पाहिजे आणि तशी देखभाल पैसे मोजूनही भारतात मिळत नाही हे सिद्ध झालं पाहिजे, तरच व्हिसा. हा नियम युरोपात असतानाही होता, युरोपातून बाहेर पडल्यावरही आहे. तुझं भांडण ज्याच्याशी होतं त्यालाच तू जास्त हक्क देऊन आलास. मावशीसाठी काही बदललं नसतं. बदललं ते बाबांचं.

कसं बदललं ते सांगतो. ३१ डिसेंबर २०२० ला युरोपीय नागरिकांची व्हिसाशिवायची मुक्त ये-जा संपली. आधीपासून इथे असलेल्या युरोपीय नागरिकांनी ३० जून २०२१ पर्यंत 'सेटल्ड स्टेटस'साठी, म्हणजे इथे राहण्याच्या हक्कासाठी, अर्ज करायचा होता. बाबा टाळत राहिले. सात वर्षं राहतोय, आता काय विचारतात, म्हणायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. ॲप असं होतं की पासपोर्टवर फोन ठेवायचा, मग आतली चिप वाचली जाते. चार वेळा ठेवला, वाचेना. शेवटी फोनचं कव्हर काढलं तेव्हा वाचली. मग चेहरा. स्क्रीनवर रंगीत उजेड चमकतो, माणसाने स्थिर बसायचं. बाबांच्या चष्म्याच्या काचांवर तो हिरवा-जांभळा उजेड पडत होता आणि दर वेळी ते डोळे मिटून घेत होते. पगार नाही, त्यामुळे सरकारी नोंदीत त्यांचं नावच नव्हतं. दवाखान्याचं पत्र, बँकेचे कागद, सगळं एकेक फोटो काढून चढवलं. बाबा म्हणाले, "आता आणि खंयचो कागद होयो?" लिस्बनला जन्म नोंदवण्यासाठी पेडण्याच्या कचेरीत त्यांनी किती खेटे घातले होते ते मी पाहिलंय. मला उत्तर देता आलं नाही. स्टेटस मिळालं, पण त्याचं कार्ड नाही, कागद नाही. कोणी विचारलं की वेबसाइटवरून कोड काढून द्यायचा. स्मार्टफोन धड न वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा इथे राहण्याचा हक्क माझ्या फोनमध्ये आहे.

धाकट्या भावाचं नशीब तेवढंही नव्हतं. त्याचे कागद २०१९ मध्ये लिस्बनला गेले आणि पासपोर्ट हातात आला मार्च २०२१ मध्ये, तीन महिने उशिरा. भारतीय नागरिकत्व गेलं आणि ब्रिटनमध्ये कामाचा हक्क नाही. आता आयर्लंडमध्ये आहे. नाताळात तेवढा भेटायला येतो.

बाकी रोजचं म्हणाल तर पहिला फटका पाऊंडचा. सार्वमताच्या आधी पाऊंड १०० रुपयांच्या आसपास होता, ऑक्टोबरपर्यंत ८२ वर आला. माझं पेडण्यात घराचं काम चालू होतं, स्लॅब पडायची होती, ती एक वर्ष लांबली. मग गोडाऊन. १ जानेवारी २०२१ पासून युरोपात जाणाऱ्या प्रत्येक लाकडी पॅलेटला उष्णता दिल्याचा शिक्का लागतो, गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि खाली 'एचटी'. आम्ही थंडीत टॉर्च घेऊन पॅलेट उलटेपालटे करून तो शिक्का शोधायचो. एका पॅलेटवर नव्हता म्हणून अख्खा ट्रक परत आला. युरोपातून मागवलेल्या पार्सलवर कर, दुधाच्या बाटलीवर 'नॉट फॉर ईयू'ची पट्टी, स्पेनला सुट्टीवर गेलेल्या इंग्रजांना पासपोर्ट तपासणीच्या लांब रांगा, बऱ्याच कंपन्यांचं रोमिंग परत सुरू. सप्टेंबर २०२१ मध्ये ट्रक ड्रायव्हर कमी पडले तेव्हा पेट्रोलपंपावर दीड तास उभा होतो, आणि पुढे टँकर चालवायला सैन्याची माणसं आणली. तो डबा बंद करून उठलेला पोलिश माणूस त्याआधीच पोलंडला परत गेला होता.

दादाचं म्हणणं होतं की युरोपवाले थांबले की आपली माणसं येतील. लीव्हच्या बाजूच्या खासदार प्रीती पटेल तेव्हा करी हाउसवाल्यांना हेच सांगत होत्या. २०२२ मध्ये फोन करून म्हणाला, बघ, आली की नाही? आली, खरंय. भारतातून विद्यार्थी, नर्सेस, वृद्धांची देखभाल करणारे खूप आले. जून २०२३ पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) ९ लाखांच्या पुढे गेलं. आणि मग ज्या लोकांनी २०१६ मध्ये 'पोलिश नकोत' म्हटलं होतं, त्यांचा राग आपल्या माणसांकडे वळला. मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या केअर वर्करना नवरा-बायको-मुलं आणणं बंद. जुलै २०२५ मध्ये परदेशातून ती भरतीच बंद. मी हे २०१६ मध्ये सांगत होतो की हा राग पासपोर्टचा रंग बघून थांबणार नाही. दादाला ते तेव्हा माझा स्वार्थ वाटला.

काही गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. दादाला अन्याय वाटला तो खोटा नव्हता. फक्त जन्मगाव नाक्याच्या पलीकडे म्हणून मला सगळं सोपं झालं आणि त्याला नाही, हे मलाही टोचतं. सगळं ब्रेक्झिटवर ढकलणंही बरोबर नाही. होंडाचा आमच्याकडचा कारखाना जुलै २०२१ मध्ये बंद झाला, साडेतीन हजार नोकऱ्या गेल्या, पण कंपनीने कारण विजेच्या गाड्यांकडे वळण्याचं दिलं होतं. ड्रायव्हर कमी पडले त्यात कोविडचाही वाटा होता. माणसं कमी झाल्यामुळे २०२१ मध्ये गोडाऊनमध्ये ताशी पगार वाढले, ते मीही घेतले. आणि जुलै २०२५ चा भारत-ब्रिटन व्यापार करार ब्रिटन युरोपात असता तर त्याला स्वतंत्रपणे करता आला नसता.

तुमच्यापुरतं सांगायचं तर व्हिसाचं तुम्हाला ब्रेक्झिटमुळे फारसं वेगळं नाही, युरोपात फिरायचा शेंगेन व्हिसा आधीही वेगळा काढावा लागायचाच. पदवीनंतर राहण्याची मुदत सध्या दोन वर्षं आहे, जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना ती दीड वर्ष होणार आहे, त्याचा हिशोब आधी करा. कोणालाही पहिल्या भेटीत 'तुम्ही कुठल्या बाजूला होता' असं विचारू नका. इथे सासरे-जावई त्यावरून वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

आणि खोली मिळाली की पहिल्या महिन्यात मतदार यादीत नाव घाला. भारतीय पासपोर्टवर तुम्हाला इथे मत आहे, विद्यार्थी असलात तरी. बहुतेक मुलांना हे माहीतच नसतं. मला ते मिळवायला ब्रिटिश व्हावं लागलं, दादाने दिली तीच परीक्षा द्यावी लागली, दीड हजार पाऊंडांच्या आसपास खर्च आला. ४ जुलै २०२४ ला मी पहिल्यांदा पार्लमेंटसाठी मत दिलं, बाबांना बरोबर घेऊन गेलो होतो, ते बाहेर बाकावर बसले. तुम्ही मत द्याल तेव्हा तुमच्या वाट्याला आलेला नियम कोणी केला हे आधी शोधा, मग शिक्का मारा.

दादा, तू इथलं वाचतोस हे मला माहीत आहे. चतुर्थीला आम्ही येतोय, बाबाही येतो म्हणालेत. यावर बोलायचं असेल तर बोलू, पण त्यांचं जेवण होऊ दे.