पुराच्या वर्षातलं बाळ

"मॅडम, ह्याला माझ्यामुळं साखर होणार का?" खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच तिनं विचारलं. शेजारी सहा वर्षांचा मुलगा, मागं सासूबाई. हातात रिपोर्ट कसलाच नाही, नुसती भीती.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा तिला तिसरा महिना होता. दहा दिवस शाळेतल्या छावणीत, खिचडी आणि बिस्किटांवर. मुलगा झाला सव्वादोन किलोचा. गरोदरपणी आई उपाशी राहिली तर मुलाला मोठेपणी मधुमेह होतो, असं तिनं हल्लीच कुठंतरी वाचलं आणि झोप उडाली.

वाचलेलं अगदीच खोटं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. तेव्हा आईच्या पोटात असलेल्यांचं शरीर मोठेपणी साखर नीट हाताळत नाही, असं पुढं दिसून आलं. पण तिथं ही दैना महिनोनमहिने चालली, माणशी रेशन हजार कॅलरींच्याही खाली गेलं होतं. छावणीतले दहा दिवस त्या पंक्तीला बसत नाहीत. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा पाठ टेकून बसली.

मग मी पूर बाजूला ठेवून पुढचे सहा महिने विचारले. सकाळी चहा-खारी, दुपारी एक भाकरी आणि आमटी. दूध नको वाटायचं, अंडी घरात चालत नाहीत. वर "लई खाऊ नको, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल" हा सल्ला. (हा सल्ला मी या भागात इतक्यांदा ऐकलाय की आता आश्चर्यही वाटत नाही.) फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मात्र तिनं नेमानं घेतल्या होत्या.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे हातपाय काडीसारखे, स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं राखलेली. ज्या आयांमध्ये फॉलेट (म्हणजे फॉलिक ॲसिडच) भरपूर पण बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी, रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीरानं दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून काही गोळ्या सोडायच्या नाहीत, पण सोबत बी-१२ कडंही बघायचं. त्यासाठी दूध-दही चालतं, कमी पडलं तर डॉक्टरांना विचारून औषध.

"म्हणूनच आता भरपाई करतीय मी," ती म्हणाली. दोन वेळा पावडर घातलेलं दूध, तुपात भिजलेली चपाती, शिकरण. मुलाच्या शर्टाचं पोटावरचं बटण ताणलेलं मला आल्या आल्या दिसलं होतं.

इथं मी जरा कडक झाले. लहान जन्मलेलं मूल पुढं भराभर अंगानं सुटलं, की धोका उलट वाढतो. जन्माचं वजन आता बदलत नाही, हे वजन तिच्या हातात आहे. पावडर बंद, घरचं वरण-भात, उसळ, भाकरी, आणि संध्याकाळी तासभर मैदान. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी हिमोग्लोबिन, बी-१२, साखर तपासून घे, असंही सांगितलं.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. निघताना म्हणाल्या, "कमी खा म्हणून मीच सांगितलं होतं हिला."

"तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असंल."

"व्हय. माझ्या सासूनं."