लाईन तुटली की आधी गाईड बघा

पाऊस सरला की खडपांवर गरवायला जाणाऱ्यांचे जुने रॉड माळ्यावरून खाली येतात, काही जण सेकंडहँड घेतात आणि मग गाईडबद्दल, म्हणजे रॉडवरच्या ज्या कड्यांतून लाईन जाते त्यांबद्दल, तेच प्रश्न पुन्हा सुरू होतात. त्यातले काही इथे घेतले आहेत.

सेकंडहँड स्पिनिंग रॉड घेतला. दोनदा नवी लाईन भरली, तरी मोठा मासा लागला की तुटते. दुकानदार म्हणतो, भारीतली लाईन घ्या. (रत्नागिरी)

घेऊ नका. आधी तुटलेलं टोक हातात घ्या. गाठीपाशी तुटली असेल तर गाठ चुकली. पण टोकापासून मागे हातभर, दोन हात लाईन खरखरीत लागत असेल, ब्रेडला (विणलेल्या धाग्यांच्या लाईनला) लव सुटली असेल, तर लाईनचा दोष नाही. ती गाईडमध्ये कापली जाते आहे.

गाईडच्या धातूच्या चौकटीत सिरॅमिकची रिंग बसवलेली असते. ती कठीण असते, तशीच ठिसूळही. रॉड कातळावर आपटला, गाडीच्या डिकीत दारात सापडला, की तिला केसाएवढी चीर जाते. अनेक जण चालताना गरी सरळ गाईडच्या रिंगमध्येच अडकवतात, त्यानेही टवका उडतो. ही चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि रिकामी लाईन ओढून पाहिली तर काही जाणवत नाही. मासा ओढ घेतो तेव्हा लाईन रिंगवर दाबली जाते आणि चिरेची धार तिला कापते. सगळ्यात जास्त भार टोकाच्या गाईडवर येतो, कारण लाईन तिथेच सर्वांत जास्त वळते.

तपासणी सोपी आहे. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक रिंगमधून आतून गोल फिरवा. कापसाचा एक तंतू जरी अडकला, तरी ती रिंग बाद. मग बॅटरीच्या उजेडात भिंगाने बघा. रिंग नखाने हलवूनही पाहा, चौकटीत सैल झालेली रिंग कधीही निघून येते. रिंग नसलेल्या, नुसत्या धातूच्या जुन्या गाईडमध्ये ब्रेड लाईनने पडलेली खाच शोधा.

हे मी दरवर्षी सांगतो, कारण नुकसान फक्त तुमच्या लाईनचं होत नाही. तांब किंवा जिताडा मासा तोंडात गरी घेऊन जातो आणि कित्येक मीटर तंगूस खडपात अडकून राहतं. कापसाची काडी फिरवायला पाच मिनिटं लागतात. सेकंडहँड रॉड विकत घेतानाच ती खिशात ठेवा, आणि विकणारा तपासू देत नसेल तर रॉड घेऊ नका. शंका राहिली तर दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा.

चीर पॉलिश पेपरने घासून किंवा गोंदाने बुजवता येईल का? (पनवेल)

नाही. गाईड बदला.

टोकाचं गाईड घरी बदलता येईल? मित्र म्हणतो, लायटरने तापवून ओढायचं. (मालवण)

घरी करण्यासारखं हे एकच काम आहे, पण मित्राच्या पद्धतीने नाही. ज्योत रॉडच्या कार्बनला लागली की आतलं रेझिन कमजोर होतं आणि रॉड पुढे नेमका तिथेच मोडतो. फक्त धातूच्या नळीला, थोडी थोडी उष्णता द्या आणि सरळ ओढा, पिळू नका. टोकाची जाडी व्हर्नियरने मोजून त्याच मापाचं गाईड आणा. अंदाजाने आणलेलं बसत नाही. चिकटवायला गरम करून लावायची गोंदकांडी वापरा, म्हणजे पुढच्या वेळी ते सहज निघेल. गोंद गार होण्याआधी रॉडच्या बुडाकडून एक डोळा मिटून बघा, सगळी गाईडं एका रेषेत आली पाहिजेत. ओढताना हलत नसेल तर जोर लावू नका. आधीच्या मालकाने इपॉक्सी (घट्ट, कायमचा बसणारा गोंद) भरलेलं असण्याची शक्यता आहे, रॉड घेऊन या.

मधल्या गाईडच्या पायाशी दोऱ्याखालून तांबूस डाग दिसतो. हा सीझन काढू का? (अलिबाग)

तसाच सीझन काढू नका. दोऱ्यावरच्या इपॉक्सीला तडा जाऊन खारं पाणी आत शिरलं आहे आणि पाय आतून गंजतो आहे. घरी ब्लेड घेऊन बसू नका, हीही विनंती. पाय रॉडला बांधणाऱ्या दोऱ्याची गुंडाळी कापायची ती गाईडच्या पायावर, म्हणजे ब्लेडखाली धातू असतो. बाजूला कापलं तर पातं थेट ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या मूळ काठीवर जातं. कार्बनच्या तंतूंवर पडलेला ओरखडा इपॉक्सीखाली झाकला जातो आणि भार आला की रॉड तिथे फुटतो. असे चांगले रॉड मी वाया गेलेले पाहिले आहेत. नवा दोरा, वर इपॉक्सी, ती ओघळू नये म्हणून सुरुवातीचे काही तास रॉड सावकाश फिरवत ठेवणं, मग किमान एक दिवस हात न लावणं, एवढं ते काम आहे. जाणत्याकडूनच करून घ्या.

ऑनलाईन ‘सिलिकॉन कार्बाइड’ रिंगांचा स्वस्त सेट मिळतो. घ्यावा का? (ठाणे)

काळी रिंग म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच (फार कठीण सिरॅमिक) असं नव्हे. काळा रंग साध्या सिरॅमिकलाही देता येतो. नावाजलेल्या कंपनीचं गाईड ओळखीच्या दुकानातून, एकेक करून घ्या.

एक गाईड निघालं आहे. तसंच चालवू? (वसई)

नाही. भाराचं वाटप बिघडतं आणि रॉड मोडू शकतो.

दुरुस्तीला येताना काय आणावं? (गुहागर)

रॉडचे सगळे तुकडे, निघालेलं गाईड, आणि रीळ लाईनसकट. रिळाजवळचं पहिलं गाईड किती मोठं आणि किती अंतरावर हवं, हे रीळ बघूनच ठरतं.