वोम्बॅटची चौकोनी शी आणि २१ सेकंदांची सू

तुम्ही लिहिलंय की भाच्याला रोज झोपताना एक खरी पण विश्वास बसणार नाही अशी गंमत सांगावी लागते आणि आता साठा संपलाय. सुचवते की! फक्त 'ऑक्टोपसला तीन हृदयं असतात' असलं एका ओळीचं ज्ञान देऊ नका, ते सकाळपर्यंत डोक्यातून जातं. हे असं का आणि लोकांनी ते शोधलं कसं, हे सोबत सांगितलं की मुलं पिच्छाच सोडत नाहीत.

माझी सगळ्यात लाडकी गंमत म्हणजे वोम्बॅट. ऑस्ट्रेलियातला हा गुबगुबीत, बिळात राहणारा प्राणी, कांगारूसारखीच याच्या मादीलाही पिशवी असते, आणि याची शी येते चौकोनी. म्हणजे अक्षरशः ठोकळे! सगळ्यांना वाटतं की भोकच चौकोनी असेल, पण नाही, ते गोलच असतं, आकार तयार होतो आत आतड्यात. हे शोधायला टास्मानियात गाडीखाली येऊन मेलेल्या वोम्बॅटची आतडी अमेरिकेत जॉर्जिया टेक या विद्यापीठाला पाठवली आणि तिथे पॅट्रिशिया यांग आणि डेव्हिड हू यांच्या टीमने त्या आतड्यांत चक्क फुगा घालून फुगवून बघितला, कुठला भाग किती ताणला जातो ते. तर निघालं असं की आतड्याची भिंत सगळीकडे सारखी नाहीये, काही पट्टे कडक आणि काही सैल. आतडं आवळलं की कडक भाग पटकन आवळतो, सैल भाग मागून हळू येतो, आणि शेवटच्या टप्प्यात शीमधलं पाणी शोषून ती एकदम कोरडी झालेली असते, त्यामुळे हळूहळू कोपरे पडत जातात आणि पडलेले कोपरे तसेच टिकतात. मग हे ठोकळे वोम्बॅट दगडांवर, ओंडक्यांवर टाकतात, वासावरून बाकीच्या वोम्बॅटना कळतं की इथे कोण येऊन गेलं. २०१९ मध्ये या शोधाला इग नोबेल मिळालं, ते आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात.

आणि याच यांग आणि हू यांना २०१५ मध्येसुद्धा एक इग नोबेल मिळालं होतं, ते सू साठी! त्यांनी कितीतरी प्राण्यांचे व्हिडिओ बघून वेळ मोजली आणि निघालं की साधारण ३ किलोच्या वरचा कुठलाही सस्तन प्राणी घ्या, मूत्राशय रिकामं करायला सरासरी २१ सेकंद लागतात, १३ सेकंद इकडे तिकडे. मांजराकडे असतं ५ मिली आणि हत्तीकडे १८ लिटर तरी वेळ जवळपास तेवढाच, हे कसं काय? तर हत्तीची मूत्रनळी नुसती रुंद नसते, लांबही असते. पाण्याची टाकी जितकी उंचावर तितका खालच्या नळाला जोर, तसंच हे, लांब नळीत गुरुत्वाकर्षणाने धार वेगात सुटते. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते.

तिसरी ग्रीनलँड शार्क. झाडाचं वय आतल्या वर्तुळांवरून काढतात तसं काही माशांचं हाडांवरून काढता येतं, पण या शार्कला हाडंच नसतात, आपल्या कानात असते तशी मऊ कूर्चा असते. मग डोळ्याकडे बघितलं. डोळ्याच्या भिंगाचा अगदी मधला भाग जन्माच्या आधीच तयार होतो आणि पुढे आयुष्यभर बदलत नाही, म्हणून त्यातला किरणोत्सारी कार्बन तपासून वय काढलं. २०१६ मध्ये २८ शार्कचा अभ्यास छापून आला, त्यातली सगळ्यात मोठी, पाच मीटरची मादी, कमीत कमी २७२ वर्षांची होती! म्हणजे आगगाडी, विजेचा दिवा, कॅमेरा यातलं काहीच नसताना ती जन्मली. आणि या शार्कना वयात यायलाच दीडशेच्या आसपास वर्षं लागतात.

माणसांची पण एक घ्या पटकन. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा प्राणिसंग्रहालयात निल्स ओलाव नावाचा किंग पेंग्विन आहे, नॉर्वेच्या राजाच्या गार्डने, म्हणजे रक्षक सैनिकांच्या तुकडीने, १९७२ मध्ये त्याला दत्तक घेतलं आणि तेव्हापासून बढत्या देत आलेत, २००८ मध्ये सर, २०१६ मध्ये ब्रिगेडियर, २०२३ मध्ये मेजर जनरल. एक पेंग्विन गेला की नाव आणि हुद्दा पुढच्याला, आत्ताचा तिसरा. गार्ड तिथे आले की रांगेसमोरून चालत तो त्यांची पाहणी करतो आणि ते सगळे खरोखर अटेन्शनमध्ये उभे असतात.

आज रात्री मात्र २१ सेकंदवाली सांगा, कारण ती एकच अशी आहे की भाचा उद्या स्वतः स्टॉपवॉच लावून तपासू शकेल, घरातल्या कुणावरही.