लोकपाल असतात तरी कशाला?

प्रश्न : ताई, घरी आईजवळ कोणी नाही म्हणून एमएस्सीचं पहिलं वर्ष झाल्यावर मी कॉलेज सोडतेय. ऑफिसवाले म्हणतात, दुसऱ्या वर्षाची फी भर तरच बारावीची आणि बीएस्सीची ओरिजिनल मार्कशीट देऊ. त्यात एका पेपरला २९ मार्क पडलेत, माझी ५० ची खात्री होती. दोन्हीसाठी विद्यापीठाच्या लोकपालांना मेल केला तर "आधी समितीकडे जा" एवढंच उत्तर आलं. मग लोकपाल असतात तरी कशाला?
– एक विद्यार्थिनी, लातूर जिल्हा

उत्तर : अगं, तुझा राग समजतो, पण त्यांनी तुला टाळलेलं नाही. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, एप्रिल २०२३ चे नियम आहेत, त्यात लोकपाल म्हणजे अपिलाची जागा, पहिली तक्रार कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडेच द्यावी लागते. समितीने कामाच्या १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा, तो पटला नाही तर मिळाल्यापासून १५ दिवसांत तू लोकपालांकडे जायचं आणि त्यांनी ३० दिवसांत प्रकरण मिटवायचा प्रयत्न करायचा.

मार्कशीटच्या बाबतीत तुझी बाजू भक्कम आहे. जो कोर्स पुढे करायचाच नाही त्याची फी काढण्यासाठी विद्यार्थ्याचे कागद अडवून ठेवणं, ही त्या नियमांत सरळ तक्रार म्हणून लिहिलेली आहे, आणि हे वाक्य अर्जात घालच. मी स्वतः नऊ वर्षं एका कॉलेजात आवक-जावक टेबलावर होते म्हणून सांगते, "ठेवून जा, सरांना दाखवतो" म्हटलं की नुसता अर्ज ठेवून निघायचं नाही, असे अर्ज फायलींच्या खाली दबलेले मी बघितलेत आणि मग पोरगी परत आली की "अर्ज आलाच नाही". दोन प्रती ने, दुसरीवर शिक्का, आवक नंबर, तारीख आणि सही घे. देत नसतील तर स्पीड पोस्ट कर आणि पावती जप, कारण उद्या समिती गप्प बसली तर लोकपालांना दाखवायला तुझ्या हातात तेवढंच असणार.

लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्रोफेसर नाहीतर माजी जिल्हा न्यायाधीश, आणि त्यांचे विद्यापीठात हितसंबंध नसावेत अशी अट आहे. ते काही येऊन कपाट उघडून तुझे कागद काढून देणार नाहीत, ते शिफारस करतात. पण ती पाळणं संस्थेवर बंधनकारक आहे, मुद्दाम पाळली नाही तर यूजीसी अनुदान रोखण्यापर्यंत जाऊ शकते, त्यामुळे "नुसती शिफारस" म्हणून सोडून देऊ नकोस.

मार्कांचं मात्र वेगळं. पेपर परत तपासा किंवा मार्क वाढवा असे अर्ज लोकपाल घेतच नाहीत. निकालावर परिणाम होईल अशी ठोस गडबड किंवा भेदभाव दाखवता आला तरच ऐकतात, आणि "खात्री होती" ही गडबड नाही गं. आधी परीक्षा विभागाकडून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागव. एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, बेरीज चुकलीये का ते बघ, मग रीव्हॅल्युएशनचा फॉर्म भर. या दोन्हीला निकालानंतर मोजकेच दिवस देतात, म्हणून समितीचा अर्ज उद्या लिहिलास तरी चालेल, पण परीक्षा विभागाची नोटीस आजच उघडून शेवटची तारीख बघ.